किती हात खोल

शिबेतोमा बंदर,
२९ सप्टेंबर

चि. फुमिनो,

बाबांचे आशीर्वाद. पितरांचा आठवडा एकदाचा संपला. सगळ्या घरांचे पूर्वज तृप्त आहेत, मंदिराचं छप्पर जागेवर आहे, आणि तुझी आई नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा बरी आहे. तिकडे क्योतोत अजून पंखे चालू असतील. इथे पहाटे किनाऱ्यावर बोललं की तोंडातून वाफ निघते, त्यामुळे कोण किती बोलतं ते लांबूनही दिसतं.

क्षेमकुशल झालं. आता एका घोर अन्यायाची दाद तुझ्याकडे मागतो, कारण या घरात दाद मागायची सोय उरलेली नाही. तुझ्या मातोश्रींनी मला फ्रीजमधून निष्कासित केलं आहे. खालच्या कप्प्यात, मुळ्याच्या लोणच्यामागे, जी वीतभर जागा लग्नापासून माझ्या निर्वेध भोगवट्यात होती, ती पुसून कोरडी करून तिथे अंडी मांडण्यात आली आहेत. नोटीस नाही, सुनावणी नाही. माझी आमिषाची बरणी आता मंदिरामागच्या कोठीत उदबत्त्यांच्या शेजारी नांदते. परिणामी उदबत्त्यांना लसणाचा वास लागला आहे आणि आमिषाला चंदनाचा. हानावा बाईंनी काल बरणी हुंगून बघितली आणि म्हणाल्या, "महाराज, तुमच्या गळाला लागणारा मासा मरायच्या आधीच मोक्षाला जाणार बघा."

बाई तशाच आहेत. चौकात केस कापायचं दुकान, आणि कात्रीला धार लावायला वेगळा दगड नको, जीभ पुरते.

अपराध काय घडला ते सांगतो. विषुवदिनी पूजा आटोपल्यावर विश्वस्तांची बैठक आपल्याच पुढच्या खोलीत बसली. तुझ्या आईची धांदल. पाहुणे मोजले त्याहून जास्त आले, साके गरम झाली होती आणि तोंडी लावणं कमी पडलं. आता, आमिष मी कसं करतो ते तुला ठाऊक आहे: कुपा माशाच्या बोटभर पट्ट्या, भरपूर मीठ, ठेचलेला लसूण, थोडा सुकटीचा चुरा, आणि लांबून दिसावा म्हणून खायचा लाल रंग. दोन दिवस मुरलं की दिसायला ते साकेबरोबर खातात त्या खारवलेल्या माकूळ माशासारखंच दिसतं. बरणीवर काय आहे ते लिहिलेलं नव्हतं, एवढीच माझी चूक. तुझ्या आईने ते सात सुबक वाट्यांत काढलं आणि वर तीळ भुरभुरवले.

तोकुजी काकांनी पहिला घास घेतला. सारा जन्म ज्यांनी समुद्रात मोठी जाळी लावली, बोट चालवली, माशाच्या वासावरून वार सांगायचा दावा केला, असे हे आपले प्रमुख विश्वस्त. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "वहिनी, असं माकूळ मी जन्मात खाल्लं नाही."

यात असत्य एक अक्षरही नव्हतं.

हानावा बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी आपल्या वाटीत डोकावून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वाटी हलकेच काकांपुढे सरकवली. "घ्या ना काका, माझीही घ्या. महाराजांनी स्वतःच्या हातानं केलंय, प्रसादच समजा." काकांनी तीही संपवली. त्यांच्या पोटाला काही झालं नाही, हे तुझी काळजी मिटावी म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी खरं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग मासे मूर्ख नाहीत तर." तुझ्या आईला मात्र त्यानंतर दोन दिवस कोणाला तोंड दाखवावंसं वाटेना, आणि त्याची शिक्षा मला झाली.

असो. दोन वाट्यांच्या मध्ये काका जे बोलले तेही लिहायला हवं. शेजारच्या गावातलं मोठं मंदिर आपली यजमान घरं त्यांच्याकडे जोडून घ्यायला तयार आहे. माझ्यामागे इथे कोणी नसेल तर तसं आताच ठरवलेलं बरं, आणि बर्फ पडायच्या आत त्यांना कळवायचं आहे. काका म्हणाले, "आम्ही दबाव आणत नाही हं, महाराज. मुलगी शिकलेली आहे, तिचं तिला कळतं. फक्त तिच्या खोलीच्या खिडकीचं माप मी सहज घेऊन ठेवलंय. दुहेरी काच बसवली की हिवाळ्यात त्रास नाही. सहज आपलं."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओठ लाल झालेली माणसं आशेने बघायला लागली की नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. मी म्हणालो, "विचार करतेय ती अजून." हेही असत्य नव्हतं. तू मलाच विचारलं आहेस आणि गप्प बसलेला मी आहे, एवढं फक्त राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तुझं तिसरं पत्र आलं. मजकूर एक ओळ: 'माशांचं कळलं, बाबा. बाकीचं?' सूत्रग्रंथांचा अभ्यास तुला मानवलेला दिसतो.

तर बाकीचं. ग्रंथालयाने तुला कायमची जागा देऊ केली आहे. ताडपत्रं, जुन्या पोथ्या, तुझ्या आवडीची धूळ. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांना उत्तर हवं. नाहीतर वसंतात परत येऊन मंदिर हाती घ्यायचं, जसं दीक्षा घेताना तू म्हणाली होतीस. आणि पहिल्या पत्रात तू विचारलंस, 'मी यावं असं तुम्हाला वाटतं का? नीट सांगा.' त्यावर मी दोन पत्रं लिहिली. पहिल्यात सॅमन यंदा उशिरा येणार असं होतं, दुसऱ्यात आला असं होतं. तू फोन करतेस तेव्हा मी तो आईच्या हातात देऊन चपला शोधायला जातो. हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं समजण्याइतका मी भोळा नाही.

बाकीच्याकडे येतोच आहे. आधी झालर.

यंदा मी गळाची सजावट बदलली. माशाला भुलवायचा पत्र्याचा चमचा तोच, बोटाएवढा, एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने सोनेरी. पाण्यात ओढला की शेपटी हलवल्यासारखा डुलतो. त्याच्या खाली कडी, कडीला गळ, आणि गळावर ती ऑक्टोपसच्या आकाराची रबरी झालर. आजवर मी गुलाबी झालर एकेरीच लावायचो. यंदा आत पांढरी, वर गुलाबी अशा दोन लावल्या, आणि मुळाशी सोनेरी धाग्याचे सात वेढे दिले. धागा कुठला म्हणशील तर वेदीवरचं जुनं जरीचं आच्छादन आईने उसवायला काढलं होतं, त्यातला. टाकून देण्यापेक्षा बरं. रेशीम आहे, पक्कं आहे, आणि पुष्कळ वर्षं मंत्र ऐकलेलं आहे.

हानावा बाईंनी ते बघून कपाळावर हात मारला. "महाराज, गळ बांधलाय की नवरी सजवलीय? मासा खायला येणार, बघायला नाही." मग खिशातून केस विरळ करायची कात्री काढली आणि माझ्या झालरीच्या आठही पायांना कमीजास्त काप देऊन टाकले. "हं, आता जिवंत वाटतं. गिऱ्हाइकाचे केस पण सगळे सारखे कापले की टोपी घातल्यासारखा दिसतो माणूस." खरं सांगायचं तर पाण्यात ती फार सुंदर हलायला लागली. हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि तूही कळवू नकोस.

बोया तोच, अंड्याएवढा, नारिंगी. तो दोरीवर मोकळा सरकतो. वर जिथे धाग्याची बारीक अडगाठ मारू तिथेच अडतो. म्हणजे अडगाठ आणि गळ यांत जेवढं अंतर ठेवू तेवढा खोल गळ लोंबकळणार. सगळी विद्या त्या अडगाठीत. मासा हातभर खोल चालला असेल आणि तुझा गळ दोन हातांवर असेल तर दिवसभर फेक, त्याच्या पोटाखालून चमचा जाईल आणि त्याला पत्ता लागणार नाही.

ओढायचं मात्र किती सावकाश, ते तुझ्या हाताला आठवत असेल. बोयाच्या मागे पाण्यावर उलट्या पाचरीची बारीक रेघ उमटली पाहिजे आणि मोडता कामा नये. परवा ती रेघ बघता बघता मला तुझ्या पोथ्या आठवल्या. ओळीत काही लिहायचं सुटलं की लेखनिक तिथे असंच काकपद काढतो आणि सुटलेलं समासात लिहितो. सकाळभर मी एका पाठोपाठ एक काकपदं काढत होतो. समासात काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

पितरांच्या आठवड्यात सॅमन येतो, हा योग कोणी जुळवून आणला कोण जाणे. पहाटे पाण्यात गुडघाभर, आणि नऊ वाजता कोणाच्या तरी घरी वेदीपुढे. झगा बदलता येतो, हाताचा वास बदलत नाही. बंदरावरच्या एका आजींनी पाठ संपल्यावर मला विचारलं, "महाराज, लागला का?" आणि नाही म्हटल्यावर माझ्यापेक्षा त्याच जास्त हळहळल्या. पुजाऱ्याने जीव मारावा का, असं इथे कोणी विचारत नाही. आपल्या पंथात पापी माणसाचा उद्धार आधी. त्या दृष्टीने मी माझी पात्रता दरवर्षी सप्टेंबरात ताजी करून घेतो.

पण मासे खरंच कमी आहेत, फुमिनो. पूर्वी रांगेत खांद्याला खांदा लागायचा, शेजाऱ्याची दोरी आपल्या दोरीत गुंतली की भांडण, माफी आणि कॉफी असा क्रम असायचा. आता हात पसरून उभं राहता येतं. तोकुजी काकांच्या पोराच्या जाळ्यात गेल्या वर्षी इतकं कमी आलं की जेलीफिशच जास्त. तरी उजाडायच्या आत आम्ही पाच-सहा जण असतोच. डावीकडे काका, मध्ये मी, उजवीकडे बाई. समोर पाणी शिशासारखं. मागे कोणीतरी थर्मास उघडतं. मला यापेक्षा अधिक काही हवं असतं असं वाटत नाही, आणि हे वाक्य लिहून मी थांबलो, कारण ते खोटं आहे की काय याचा विचार करावा लागला.

कालची हकीकत आता सांगतो.

उजाडलं तेव्हा वारा पडला होता. काकांच्या पुढ्यात एका माशाने उडी मारली, उगाच, आम्हाला दाखवायला. सगळ्यांनी तिकडे फेकलं. मीही. बोया पडला, सरळ झाला, मी सावकाश फिरवायला लागलो. रेघ उमटली. मग बोया किंचित थरथरला.

तुला माहीत आहे, इथेच माणसाचं चारित्र्य कळतं. झटका दिला की गेला. मासा आधी नुसता चोखतो. काकांनी तिकडे न बघताच सांगितलं, "थांबा, महाराज." बाई म्हणाल्या, "नाम घ्या, नाम घ्या, हात हलवू नका." मी नाम घेतलं. बोया दुसऱ्यांदा थरथरला आणि मग अलगद, पाटावरून उठून कोणी आत जावं तसा, पाण्याखाली गेला. तेव्हा मी काठी उचलली.

शेजारच्या सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळून वाट दिली. मासा उजवीकडे गेला, मी बाईंच्या मागून उजवीकडे गेलो. डावीकडे आला, मी काकांच्या पायावर पाय देऊन डावीकडे आलो. शेवटी लाट आली, तिच्याबरोबर मागे मागे चालत त्याला वाळूवर घेतला. मादी, चांदीसारखी, अंगावर अजून विणीचा एकही पट्टा उमटलेला नाही. माझा यंदाचा पहिला, आणि साऱ्या रांगेचाही पहिला. मी सोटा हातात घेऊन नामस्मरणाला लागलो तेव्हा काका ओरडले, "आधी सोटा, महाराज! नाम मग! मासा तोवर घरी जाईल!"

आणि मग रांगेतून ती हाक आली. आमच्याकडची रीत तू विसरली नसशील: आपली खोली कोणी आपणहून सांगत नाही, पण मासा लागला की सगळ्यांनी विचारायचं आणि ज्याला लागला त्याने खरं सांगायचं. एकदाच, पण खरं. काकासुद्धा, जे एरवी हवामानाबद्दलही खोटं बोलतात.

"किती?"

"किती हात, महाराज?"

मी दोरी हातात घेऊन बघितलं. अडगाठ नव्हती. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. ती मी त्याच जरीच्या रेशमी धाग्याने मारली होती. शोभेचा धागा. ओल्या दोरीवर रेशीम कधी धरेल का? घसरत घसरत खाली आली असणार आणि बोयात घुसून तुटली असणार. मासा दोन हातांवर लागला की अर्ध्या हातावर, हे त्या माशालाच ठाऊक, आणि त्याला तर आम्ही बोलण्यापलीकडे पोचवलं होतं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एवढी एकाग्रता माझ्या प्रवचनाला कधी मिळालेली नाही.

"ठाऊक नाही म्हणजे?" काका म्हणाले.

"गाठ सुटली. खरंच."

"पस्तीस घरांत जाऊन सत्यावर बोललात की हो आठवडाभर!"

"काका, बघा ना, दोरीवर काहीच नाही."

"पुरावा नष्ट केला," पलीकडून कोणीतरी म्हणालं. मग हशा झाला, मग प्रत्येकाने आपल्या मनाने गाठ वरखाली केली आणि कोणालाच काही लागलं नाही. त्याचं खापरही माझ्यावर.

मी कडेला, पाण्याशी मासा साफ करायला बसलो. हानावा बाई आल्या, पिशवी धरून उभ्या राहिल्या. आतडी पिशवीत घेतली; अस्वल येतं म्हणून वाळूवर काही टाकत नाहीत आता. अंड्यांनी भरलेली गाबोळी निघाली ती एवढी टपोरी, की बाईंनाही टोमणा सुचला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "फुमिनो काय म्हणते?"

"विचार करते आहे."

"ते तुम्ही बैठकीत सांगितलंत. मी विचारलं ती काय म्हणते."

मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. हात माशाच्या पोटात असले की माणूस बेसावध असतो. तू विचारलं आहेस, तीन पत्रं झाली आहेत आणि मी झालरीबद्दल लिहितो आहे, सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "आणि आम्हाला वाटलं पोरगी अडून बसलीय. अहो, ती हाक मारतेय, किती हात, किती हात, आणि तुम्ही इथे दोरी बघत बसलात."

"काय सांगू तिला? मी ये म्हटलं तर ती येईल. नको म्हटलं तर..."

"तर काय?"

"तर ती खोटं ओळखेल."

बाईंनी पिशवीला गाठ मारली. मग माझ्या शेजारी ओल्या दगडावर बसल्या. हे तू कोणाजवळ बोलू नकोस. नाओया, त्यांचा मुलगा, चार वर्षं दुकान सांभाळून गेल्या वसंतात पुन्हा साप्पोरोला गेला, ते आपल्याला वाटलं होतं पगारासाठी. त्या म्हणाल्या, "मीच बोलावलं होतं त्याला. आला बिचारा. रोज सकाळी दुकान झाडायचा, आरसे पुसायचा, दिवसाला तीन डोकी. कधी कुरकुर नाही. मी सगळ्यांना सांगत फिरायची, माझा नाओया आलाय, माझा नाओया आलाय. मग निघाला तेव्हा बसस्टँडवर कुणाशी तरी फोनवर बोलताना हसला. आणि मला कळलं, की चार वर्षांत हे हसणं मी ऐकलंच नव्हतं."

"तुम्हाला जाणवलं कसं नाही?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"मी खूश होते ना, महाराज."

मग उठल्या, पँट झटकली आणि काकांना ओरडून म्हणाल्या, "अहो, ते खरं बोलतायत! दोरीवर गाठ नाहीच आहे! मी बघितलं!" काका म्हणाले, "मग आज दीड हात." काका नेहमीच दीड हात म्हणतात.

घरी आलो. आईने गाबोळी सोया सॉसमध्ये घातली आहे. मुरली की एक बरणी तुझ्याकडे येईल, आणि हिच्यावर आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहिलेलं असेल. निम्मा मासा मिसोच्या सारात गेला, शेपटीकडचा तुकडा काकांना दिला. काकांनी तो घेतला आणि खिडकीच्या काचेचा विषय काढला नाही. बहुधा बाईंनी दटावलं असावं.

तुझी आई म्हणते, तिने तिचं मत तुला केव्हाच लिहून कळवलं. काय लिहिलं ते मला सांगत नाही. "तुमचं आधी लिहा, मग सांगते. नाहीतर माझंच सुंदर अक्षरात उतरवून काढाल." एवढ्या वर्षांत तिने मला नीट वाचलं आहे.

काल संध्याकाळपासून मी प्रामाणिकपणे बसलो. आपल्या गुरुजींनी शिकवलं तसं पूर्वपक्ष, उत्तरपक्ष मांडले. पूर्वपक्ष: घरं कमी होत आहेत, तरुण माणसं जात आहेत, हिवाळ्यात छपरावरचं बर्फ तुला ओढावं लागेल, आणि ताडपत्रं वाचणारी तुझ्यासारखी माणसं देशात मोजकी आहेत. उत्तरपक्ष: म्हाताऱ्यांना शेवटी कोणीतरी ओळखीचं लागतं, आणि तुझा पाठ माझ्यापेक्षा गोड आहे, हे सगळं बंदर म्हणतं. दोन्ही बाजू उत्तम मांडल्या. सिद्धान्ताच्या जागी मात्र पान कोरंच राहिलं, कारण मांडणारा तटस्थ नव्हता.

तेव्हा आता साधं लिहितो.

शेजारच्या मंदिराशी बोलून झालंय माझं. ते लोक चांगले आहेत. घरं त्यांच्याकडे गेली तरी कोणाचे पितर उपाशी राहणार नाहीत, आणि मी हिंडताफिरता आहे तोवर इथलं मीच बघणार आहे. म्हणजे तू आली नाहीस तर काही बुडत नाही. हे मी विश्वस्तांनाही पुढच्या आठवड्यात सांगणार आहे. तू विचारलंस त्याचं उत्तर मात्र हे नव्हे.

तू विचारलंस, यावं असं वाटतं का. वाटतं. फार वाटतं. मंदिराचं निमित्त आहे. सकाळी तुझ्या चपला दाराशी दिसाव्यात, एखाद्या समासावरून तू माझ्याशी भांडावंस, मी चुकलो की आईसमोर हसावंस, एवढंच वाटतं, आणि ते रोज वाटतं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी कोणाला न सांगता तुझी खोली झाडून आलो.

आणि काळजी म्हणशील तर तीही याचीच आहे. तू आलीस तर मी इतका आनंदात असेन, की तू आनंदात आहेस का, हे मला दिसायचंच नाही.

म्हणून या बाबतीत माझा सल्ला मागू नकोस. तुला काय हवं ते ठरव आणि आधी आईला कळव, तिला दिसतं.

या एका प्रश्नात ज्याच्यावर विश्वास ठेवू नये, असा तुझा
बाबा